चांगल्या टायरला एकच ठोका

आमची आत्या टायरशी बोलायची. ट्रेलर घेऊन निघायच्या आधी ती काच बसवायची पांढरी रबरी हातोडी घ्यायची, चारही चाकांना फेरी मारायची आणि प्रत्येक टायरच्या गालावर ठोका द्यायची. टायरच्या बाजूला ती गालच म्हणायची. “बोल रे,” म्हणून ठोका, कान वाकडा करून ऐकणं, की पुढे. माणसांचं तिने इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नाही, असं आई म्हणते, आणि नणंद म्हणून जिने तिला सोसलं तिला तसं म्हणायचा हक्क आहे. स्टेपनीला मात्र आत्या हमखास विसरायची. मग आई आतून ओरडायची, “वन्सं, पाचवा राहिला!” आणि आत्या पुटपुटत परत येऊन दांड्याजवळच्या पाचव्या टायरला एक ठेवून द्यायची.

आमचा धंदा काचेचा आणि आरशांचा. बाबा कापतो, आई कडा घासते, आत्या पोचवायची. ट्रेलरवर उतरत्या छपरासारखी एक लाकडी चौकट आहे, तिला काचा उभ्या टेकवून पट्ट्यांनी बांधायच्या. काच आडवी झोपवली की रुसते आणि फुटते, हेही आत्याचंच. मग एका वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मी तेव्हा चौथीत होते आणि तोंडात मूग धरून बसणारी मुलगी होते. ट्रेलर अंगणात पत्र्याखाली उभा राहिला तो राहिलाच. बाबा भाड्याच्या गाडीने माल पाठवायला लागला.

आता मी नववीत आहे आणि मूग वगैरे कधीच थुंकून दिलेत. वर्गात माझा हात वर जाईपर्यंत माझा प्रश्न विचारून झालेला असतो. वादविवादात मी यंदा समोरच्या संघातल्या मुलाला असं गप्प केलं की त्याच्या आईने येऊन माझं अभिनंदन केलं. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मी भित्री नाही, हे आधीच कळलेलं बरं. पुढे जे लिहितेय ते भिऊन लिहीत नाहीये.

तर एका नाचाच्या शाळेकडून मोठं काम आलं. अख्ख्या भिंतीला आरसे, माणसापेक्षा उंच. भाड्याच्या गाडीवाल्याने आरशांची उंची ऐकली आणि फोन ठेवून दिला. बाबा बराच वेळ फोनकडे बघत बसला. मग उठला, पत्रा बाजूला सारला आणि ट्रेलरवरची धूळ हाताने पुसली.

“काढतो बाहेर,” तो म्हणाला.

“टायर बघा आधी,” आई म्हणाली. “बसून बसून चपटे झालेत.”

“टायर आहेत.”

आणि बाबा माळ्यावर चढला. काच गुंडाळायच्या घोंगड्यांत गुंडाळलेले चार टायर त्याने एकेक करून खाली सोडले. काळे कुळकुळीत, नक्षी अशी धारदार की बोट कापेल. आत्याने आजारी पडण्याआधी घेतलेले. पाच घ्यायला गेली होती, दुकानात चारच निघाले, आणि ते लावायच्या आतच ती अंथरुणाला खिळली. आम्हाला दोघींना पत्ताच नव्हता की बाबा दर वर्षी माळ्यावर जाऊन त्या टायरना ग्लिसरीन लावून पुसत होता. आम्हाला वाटायचं, जाळी काढतोय.

“तिने स्वतः निवडलेत,” बाबा म्हणाला. त्याचा आवाज असा झाला होता की आईसुद्धा काही बोलली नाही. आणि आई बोलली नाही ही आमच्या घरात बातमी असते.

टायर बसवायला हवामामा आला. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. कोपऱ्यावर त्याचं टायरचं दुकान आहे आणि तो टायरमध्ये जितकी हवा भरतो त्याच्या दुप्पट गप्पांत भरतो. चारही टायर रिमवर चढवून झाल्यावर त्याने एकावर तळवा फिरवला.

“नवे दिसतायत.”

“दिसतायत काय? आहेतच,” बाबा म्हणाला. “रस्त्याला लागलेलेच नाहीत.”

“रस्त्याला न लागलेला माणूससुद्धा म्हातारा होतो, काचवाले.”

“हवा भरा हो मामा. ज्ञान नको.”

हवामामाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि हवा भरली. त्याच दिवशी दुपारी पहिल्यांदा आवाज आला.

आमच्याकडे जेवणं झाली की दुपारी काम बंद असतं. आई मागच्या खोलीत आडवी होते, बाबा पेपर तोंडावर घेऊन वाचल्यासारखं करतो. सुट्टी असल्यामुळे मी कापायच्या टेबलावर बसून पाय हलवत होते. नाचाच्या शाळेचे आरसे तयार होऊन भिंतीला ओळीने टेकवलेले होते, तोंडं अंगणाच्या दाराकडे. प्रत्येकात एकेक ट्रेलर दिसत होता, ऊन पडलेला, रिकामा.

ठप.

रबर रबरावर आपटल्याचा आवाज. पोटात बसतो तो. मी हा आवाज ओळखत होते. चौथीपर्यंत रोज ऐकलेला.

ठप. ठप. ठप.

मी आरशांकडे बघितलं. सगळ्या आरशांत ट्रेलर होता आणि एकाही आरशात माणूस नव्हता. भिंतीवर खिळ्याला टांगलेली हातोडी मात्र अशी डोलत होती, जणू आत्ताच कुणी घाईने अडकवून गेलंय. मी जाऊन तिची मूठ धरली. मूठ गरम होती.

बाबाच्या तोंडावरचा पेपर खाली आला होता.

“तुलाही?” त्याने विचारलं.

“मलाही.”

आम्ही दोघं दारात गेलो. मागच्या डाव्या टायरच्या काळ्या गालावर काचेच्या भुकटीचे पांढरे गोल उमटले होते. एकात एक, एकावर एक. बाबा खाली बसला, त्याने त्यातल्या एका गोलावर बोट ठेवलं, आणि हसला. माझ्या बाबाला असं हसताना मी किती दिवसांनी बघितलं ते मोजायच्या भानगडीत पडत नाही.

“ताई आली,” तो म्हणाला. “खूश आहे बघ, भिंगरे. तिचे टायर लागले ना.”

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मला काही ऐकू येत नाही. कडा घासून घासून माझे कान गेलेत. आणि ऐकू आलं तरी मेलेल्या माणसांना ड्यूटी लावू नये, त्यांना सुट्टी असते.” आणि कूस बदलून झोपली.

मग रोज दुपारी तेच. लोक म्हणतील, भुताला घाबरावं. अहो, पण ते आमचं होतं! मी पायरीवर बसून आत्याशी गप्पा मारायचे. ती गेली तेव्हा मी दोन वाक्यं सलग बोलत नव्हते, त्यामुळे तिला सांगायचं खूप साठलं होतं. मी तिला वादविवादाचं सांगितलं. समोरच्या मुलाच्या आईचं सांगितलं. मी उभं राहून तिला माझं भाषणसुद्धा म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. ते संपलं आणि ट्रेलरकडून आवाज आला, ठप ठप ठप ठप ठप, थांबेचना. मला वाटलं टाळ्या! मी वाकून नमस्कार केला.

बाबा संध्याकाळी ट्रेलरभोवती शीळ घालत फिरायला लागला. आरसे पोचवायचा दिवस ठरला. वाटेत घाट आहे, उतार आहे, आणि बाबा एकटा जाणार होता.

आदल्या दिवशी सकाळी आरसे चढवले. घोंगड्या मधे घालून, चौकटीला टेकवून, पट्ट्या आवळून. ट्रेलर त्या वजनाने हळूच खाली बसला. मी खाली वाकून पट्टीचं टोक खोचत होते आणि माझं नाक त्या मागच्या डाव्या टायरसमोर आलं. वजनाने टायरचा गाल फुगला होता, आणि फुगलेल्या जागी, ग्लिसरीनच्या चकाकीखाली, बारीक बारीक भेगा उघडल्या होत्या. कुणी नखाने ओढाव्यात तशा. मी दुसऱ्या टायरकडे सरकले. तिथेही. पांढऱ्या गोलांच्या बरोबर मधे.

आणि तेव्हा मला एक जुनी सकाळ आठवली. मी दुसरीत-तिसरीत असेन. आत्या असंच ठोके देत होती. पहिल्या टायरला एक. दुसऱ्याला एक. तिसऱ्यापाशी ती थांबली आणि मारतच राहिली. ठप ठप ठप ठप. बाबाला हाक मारली नाही, कुणाला काही सांगितलं नाही, फक्त मारत राहिली, शेवटी बाबा साबणाने भरलेले हात घेऊन धावत आला, “अगं ताई, आलो, कळलं, बदलतो!” तेव्हा थांबली. तिचं तसंच होतं. चांगल्या टायरला एकच ठोका. वाईट टायरला, तो बदलेपर्यंत.

माझ्या हातातलं पट्टीचं टोक सुटलं. इतके दिवस ती टाळ्या वाजवत नव्हती. ती ओरडत होती, आणि मी तिला भाषणं ऐकवत होते.

बाबा गाडी मागे घेऊन ट्रेलरला जोडायला आला, दुपारीच एकदा गल्लीतून फिरवून बघतो म्हणून. मी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बसले.

“ऊठ भिंगरी, बोट चेमटेल.”

“बाबा, आत्या खूश नाहीये.”

“काय?”

“चांगल्या टायरला ती कितींदा मारायची?”

गाडीचं इंजिन घरघरत होतं.

“सांग ना. कितींदा?”

“ऊठ म्हटलं ना.”

“एकदा मारायची! तूच धावत आला होतास साबणाचे हात घेऊन. बाबा, गालांना भेगा आहेत. ये, बघ. हे टायर म्हातारे झालेत.”

“नवे आहेत ते!” बाबा एवढ्या जोरात ओरडला की आई हातातलं फडकं तसंच घेऊन बाहेर आली. “तिने घेतलेत. तिला टायर कळत नव्हते काय? तू शिकवणार तिला? दोन भाषणं केलीस म्हणजे—”

“तिला कळत होते म्हणूनच!”

बाबाने गाडी बंद केली. आत जाऊन हातोडी घेऊन आला. त्याचा चेहरा ओढलेला होता. “ठीक आहे,” म्हणाला, “ऐक,” आणि पुढच्या उजव्या टायरला ठोका दिला. घट्ट, गोल आवाज आला. हवा भरपूर होती, हवा काय हो, हवा कुठेही भरता येते. त्याने विजयाने माझ्याकडे बघितलं.

आणि पलीकडून, मागच्या डाव्या बाजूने, जिथे कुणीच नव्हतं, तिथून आला. ठप.

बाबाच्या हातात हातोडी होती. ती आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर होती.

ठप. ठप. ठप ठप ठप ठप. चौकटीवरचे आरसे थरथरायला लागले. घोंगड्यांच्या कडेने दिसणाऱ्या आरशांत आमचं अंगण, आम्ही, पत्रा, सगळं हादरत होतं, आणि तरी त्या कशातही आत्या नव्हती. दिवसाढवळ्या. शेजारच्या घरी कुणीतरी रेडिओ लावला होता. मी भित्री नाही हे मी आधी लिहिलंय, ते या एका मिनिटापुरतं खोडते.

“आलो, ताई,” बाबा म्हणाला. अगदी हळू. “आलो. कळलं. बदलतो.”

थांबलं.

बाबा जमिनीवर बसला. टायरच्या गालावर रिमच्या जवळ एक लांब नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे, दोन आठवड्याचे, दोन वर्षाचे, टायर कधी जन्मला त्याचे. त्याने ते अंगठ्याने चाचपले. आत्याने घेतले तेव्हाच ते दुकानात पडून जुने झालेले होते. त्या वेळी ती आजाराला टेकलेली, घाईत होती, तिने बघितले नसतील. आणि त्यावर आमच्या माळ्यावरची सगळी वर्षं.

“दर वर्षी पुसत होतो मी हे आकडे,” बाबा म्हणाला. “वाचले मात्र नाहीत.”

आईने फडकं खांद्यावर टाकलं. “आरसे उतरवा आधी,” म्हणाली. “मग रडा. भरल्या ट्रेलरखाली रडू नये.”

हवामामाच्या दुकानात आम्ही बापलेक गेलो. मामाने आमची तोंडं बघितली आणि त्याच्या स्वभावाविरुद्ध ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हटलं नाही. म्हणजे, लगेच म्हटलं नाही.

“हे घ्या,” त्याने एक जोडी पुढे लोटली. “मापाचे आहेत. मऊ चालतात, लोण्यासारखे.”

“हे मोटारीचे आहेत,” मी म्हटलं.

“मग? गोल ते गोल.”

“मोटारीत माणसं बसतात, त्यांना मऊ लागतं. ट्रेलरवर आरसे उभे असतात. गाल मऊ असला की ट्रेलर शेपटी हलवतो. घाटात शेपटी हलली की गाडीलाच वळवतो. आम्हाला ट्रेलरचेच टायर पाहिजेत, कडक गालाचे.”

मामाने बाबाकडे बघितलं. “ही कुणावर गेलीय?”

“विचारायला नको,” बाबा म्हणाला. कितीतरी वेळाने त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

मग वजन. टायरवर लिहिलेलं असतं तो किती पेलतो. मी मोठमोठ्याने बेरीज केली: ट्रेलरचं स्वतःचं, चौकटीचं, आरशांचं (ते आम्हाला पाठ असतं), भागिले चार. बाबा म्हणाला, बरोबर तेवढाच पेलणारा घेऊ नको, खड्ड्यात एकच चाक सगळं झेलतं, त्याच्या वरचा घे. चारही एकाच जातीचे, एकाच मापाचे. पाचवाही. आणि प्रत्येकाचे जन्माचे आकडे मी गुडघ्यावर बसून, मोबाईलचा दिवा लावून, मोठ्याने वाचले.

“मुलगी बघायला आल्यासारखी पत्रिका काय बघतेस?” मामा म्हणाला.

“मुलगी असती तर वय नसतं विचारलं,” मी म्हटलं.

मामा पोट धरून हसला. मग नवे टायर हातगाडीवर चढवताना हळूच म्हणाला, “जुने माझ्याकडे टाका. कापून टाकतो, नाहीतर कुणीतरी उचलून परत लावेल.”

बाबा थबकला. “एक ठेवतो,” म्हणाला. “अंगणात. झोका करू भिंगरीला.”

मला झोका खेळायचं वय नाही, हे त्यालाही माहीत होतं. त्याला काय हवंय ते मला कळलं, कारण मलाही तेच हवं होतं. एक म्हातारा टायर अंगणात राहिला असता तर ती रोज दुपारी आली असती. मी अजून तिला सगळं कुठे सांगितलं होतं? माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सगळ्या दुपारी आल्या, पायरी, ऊन, आणि तो आवाज, कायमचा, आमचा. माझी जीभ ‘हो’ म्हणायला टेकली होती.

मग मला तो आवाज खरा आठवला. भाषणानंतरचा. ठप ठप ठप, थांबेचना. एखादं माणूस दार वाजवतंय आणि आतले लोक टाळ्या समजून हसतायत.

“नको, बाबा,” मी म्हटलं. “ती मारत राहील.”

त्याने हातगाडीवरच्या नव्या टायरना दोरी आवळली. मग मामाला म्हणाला, “चारही कापा.”

आरसे दुसऱ्या दिवशी सुखरूप पोचले, एकालाही चरा नाही. मी हट्टाने बरोबर गेले आणि थोडं अंतर गेल्यावर बाबाला थांबवून चाकांचे नट पुन्हा आवळायला लावले, त्याबद्दल त्याने मला घाटभर टोमणे मारले. पण सांगायचंय ते आदल्या दुपारचं.

टायर बसले होते. मामा हवा पूर्ण भरून गेला होता. आरसे पुन्हा चढले होते, हातोडी खिळ्यावर होती. जेवणं उशिरा झाली. आई आडवी झाली. बाबाने पेपर घेतला पण तोंडावर ओढला नाही. मी पायरीवर बसले आणि त्या दिवशी एक अक्षर बोलले नाही.

ऊन सरकत ट्रेलरपर्यंत गेलं.

ठप. पुढचा उजवा. मग शांतता, कान वाकडा करण्याएवढी.

ठप. मागचा उजवा.

ठप. मागचा डावा. मी कान वाकडा केला. दुसरा ठोका आला नाही.

ठप.

बस. हातोडीचं डोलणं कमी कमी होत चाललं. बाबाने डोळे मिटून घेतले. मला ओरडावंसं वाटत होतं, थांब, अजून एक मिनिट, पण नववीतली मी आणि पुन्हा तोंडात मूग.

तेव्हा मागच्या खोलीतून, जिला काही ऐकू येत नव्हतं, जिचे कान कडा घासून घासून गेले होते, ती माझी आई पडल्या पडल्या ओरडली,

“वन्सं, पाचवा राहिला!”

अंगणात काहीच हललं नाही. मग दांड्याजवळून, जरा नाइलाजाने दिल्यासारखा, एक आला.

ठप.

“हं,” आई म्हणाली. “जा आता.” आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.